पगार पदवीचा की जागेचा?

दिवाळीच्या फराळाबरोबर अर्थशास्त्र वाढणे बरे नव्हे, हे कबूल. त्यातून मी मराठीचा प्राध्यापक! पण एम. ए. ची मुले तास संपल्यावर मला गाठतात, ती व्याकरणाच्या शंकेसाठी नव्हे. “सर, एम. ए. झाल्यावर पगार किती मिळेल?”

पगार पदवीला नसतो, जागेला असतो, हे त्यांना सांगणे माझ्या जिवावर येते. २०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायांच्या ३६८ जागांसाठी सुमारे २३ लाख अर्ज आले. अट काय, तर पाचवी उत्तीर्ण आणि सायकल चालवता यावी. अर्जदारांत २५५ जण पीएच. डी.! आपल्याकडेही २०१९ च्या जानेवारीत मंत्रालयाच्या उपाहारगृहातील १३ वाढप्यांच्या भरतीची बातमी गाजली. अट चौथीची, अर्ज हजारोंनी, आणि निवडलेले बहुतेक पदवीधर. आता वाढप्याने ज्ञानेश्वरी अभ्यासलेली असो वा नसो, वेतनश्रेणी तीच.

खाजगी नोकरीत थोडा फरक पडतो. डंकन आणि हॉफमन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ साली हिशेब मांडला. कामाला लागणाऱ्या शिक्षणाच्या एका वर्षामागे पगार जेवढा वाढतो, त्याच्या सुमारे निम्माच जादा शिक्षणाच्या वर्षामागे वाढतो. म्हणजे जादा शिकलेला कारकून शेजारच्या कारकुनाहून चार पैसे अधिक मिळवील. पण त्याच्याच वर्गातला, योग्य जागी लागलेला मित्र त्याच्या कितीतरी पुढे असेल. (हे ऐकून मुले हसतात. त्यांचे आईवडील हसत नाहीत.)

मग शिकायचे कशाला? मायकेल स्पेन्स यांनी १९७३ साली याचे एक उत्तर दिले: उमेदवार कसा आहे हे मालकाला आतून दिसत नाही, म्हणून तो पदवीची खूण पाहतो. पण खूण सर्वांच्याच कपाळी आली की तिची किंमत काय राहणार? तमाशात पुढची रांग उभी राहिली की मागच्यांनाही उभे राहावे लागते. दिसते मात्र पूर्वीइतकेच.

यात माझ्या विद्यार्थ्याचे नुकसान होते खरे, पण निदान नावडती का होईना, नोकरी त्याच्या हाती लागते. चौथीची ती अट ज्याच्यासाठी घातली होती, त्या माणसाची चौकशी कोणी करीत नाही. पदवीधरांच्या त्या रांगेत तो उभा तरी राहिला असेल का? आणि राहिला असेल, तर लेखी परीक्षेत एका बी. ए. ला तो कसा गाठणार होता?