लेकराचे इसब आणि शाळेतला वेगळा बाक

आमच्या ओळखीच्या एका घरात सहा वर्षांच्या मुलीला इसब आहे. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत चट्टे, रात्रभर खाजवणे, सकाळी चादरीवर रक्ताचे डाग. हिवाळ्यात त्रास वाढला तेव्हा वर्गातल्या बाईंनी तिला शेवटच्या बाकावर एकटीला बसवले. 'इतर मुलांना लागेल' एवढेच कारण. शाळेत वेगळे बसवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला कुणी समजावून सांगायला नको. बाल भीमराव घरून नेलेल्या गोणपाटावर बसून शिकले. पण आम्हाला अधिक वाईट याचे वाटले, की चाळीतल्या आपल्याच आयाबायाही मुलांना तिच्याशी खेळू देत नव्हत्या.

इसब एकाचे दुसऱ्याला होत नाही. एका ताटात जेवून नाही, एका अंथरुणात झोपूनही नाही. या मुलांची कातडी मुळातच कोरडी आणि कमकुवत असते. तिच्यातला ओलावा टिकत नाही आणि धूळ, साबण, घाम यांनी ती लगेच चिडते. घरात कुणाला दमा असेल, सारख्या शिंका येत असतील, तर मुलाला इसब होण्याचा संभव अधिक. यात देवीचा कोप नाही, नजर नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातही चट्ट्यांवर अंगारा लावलेला आम्ही पाहिला आहे, म्हणून लिहावे लागते.

खरूज मात्र वेगळी. ती लागते. बोटांच्या बेचक्यांत येते, घरातल्या इतरांनाही खाज सुटते आणि औषध सर्वांनी एकाच वेळी लावावे लागते. दोन्हींतला फरक डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा.

उपचाराचा मोठा भाग स्वस्त आहे. कोमट पाण्याने पाच-दहा मिनिटांत आंघोळ, साबण सौम्य आणि थोडा. घासणी नको, पाण्यात जंतुनाशक औषधही नको. अंग टॉवेलने टिपावे आणि ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन किंवा खोबरेल तेल सढळ हाताने लावावे. दिवसातून दोन-तीनदा, चट्टे नसले तरीही. इथेच बहुतेक घरे चुकतात. चट्टा गेला की डबी फळीवर जाते. मोहरीचे तेल, लिंबू, चुना यांनी कातडी आणखी चिडते. नखे कापलेली असावीत. गणवेश टेरिकॉटचा असेल तर आत सुती बनियन घालावे.

चट्टे लाल झाले की डॉक्टर स्टेरॉइडचे मलम देतात. नाव ऐकूनच काही आया ते लावीत नाहीत, तर काही जण औषधाच्या दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून महिनोन्महिने चोळतात. दोन्ही चूक. डॉक्टरांनी सांगितलेले मलम, सांगितलेल्या जागी, सांगितलेले दिवस लावावे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर मावेल एवढे मलम दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. दुकानातल्या कित्येक ट्यूबांत जोरकस स्टेरॉइड आणि नायट्याचे औषध एकत्र असते. त्यांनी दोन दिवस आराम पडतो, पण फार दिवस लावल्यास कातडी पातळ होते आणि नायटा असला तर पसरतो. स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास सरकारने २०१८ साली मनाई केली, तरी ती मागितली की मिळतात.

अंडी, दूध, मासळी मनानेच बंद करू नये. वाढत्या मुलाचे पोषण त्यातच असते. चट्ट्यांतून पिवळे पाणी येऊन खपली धरली तर डॉक्टरांना दाखवावे. ताप आला किंवा दुखरे फोड एकदम पसरले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

या मुलीच्या आईने महापालिकेच्या रुग्णालयात त्वचारोग विभागाचा केसपेपर काढला. औषधाबरोबर डॉक्टरांकडून दोन ओळीही लिहून घेतल्या, की हा रोग इतरांना होत नाही. तो कागद तिने स्वतः नेऊन बाईंच्या हातात दिला. मुलगी आता दुसऱ्या बाकावर मैत्रिणीशेजारी बसते. खाज अजून येते-जाते. मोठेपणी बऱ्याच मुलांचा त्रास कमी होतो, असे डॉक्टरांनी सांगितले आहे. व्हॅसलीनची डबी तूर्त दप्तरात असते.