उथळ पाण्याला खटाटोप फार

बुऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभं राहिलं की तापीच्या पलीकडे जैनाबाद. तिथला आहूखाना हा जुना बगीचा लोकांना ठाऊक असतो तो मुमताजमुळे: 1631 साली तिचा देह आग्र्याला जाण्याआधी सहा महिने इथेच होता. समुद्राशी या गावाचा संबंध कुणी जोडत नाही, आणि मध्य प्रदेशाला किनारा शून्य किलोमीटर असल्यामुळे त्यात नवल नाही. पण पाण्याच्या वाटेने मोजलं तर हा संबंध साडेचारशे किलोमीटरच्या पुढेमागे आहे. तापीची लांबी 724 किलोमीटर. त्यातले 282 मध्य प्रदेशात, 228 महाराष्ट्रात, 214 गुजरातेत. पावसाळ्यात जैनाबादवरून जो गाळ जातो, त्याने शेकडो वर्षं सुरतेसमोरचं नदीचं तोंड भरत आणलं; 1972 साली उकाई धरण झालं तेव्हापासून बराचसा तिथेच अडतो.

त्या गाळामुळे मोठी जहाजं सुरतेपर्यंत कधी आलीच नाहीत. ती नांगर टाकायची जवळच्या सुवाळीला, वाळूच्या दांड्याआडच्या चिंचोळ्या खोलगटात, आणि तिथून माल बैलगाड्यांवर चढून बुऱ्हाणपूरच्या वाटेला लागायचा. 1612च्या अखेरीस याच पाण्यात इंग्रजांच्या दोन जहाजांनी पोर्तुगिजांच्या चार गॅलियनांना झुंजवलं, आणि पोर्तुगीज जहाजं वाळूत रुतली. तोफा त्यांच्याकडे कमी नव्हत्या. पाणी कमी होतं.

समुद्राचा नकाशा करणाऱ्यांचं सगळं गणित इथेच सुरू होतं. आपल्याला वाटतं, खोल समुद्र मोजणं अवघड आणि किनारा सोपा. हिशेब नेमका उलटा आहे, आणि किती उलटा, ते आकडे मांडल्याशिवाय पटत नाही.

सर्वेक्षणाच्या जहाजाखाली मल्टिबीम एको साउंडर नावाचं यंत्र असतं. ते ध्वनी सरळ खाली न सोडता दोन्ही बाजूंना पसरवून सोडतं. हा पसारा 120 अंशांचा धरला तर तळावर पडणारी पट्टी पाण्याच्या खोलीच्या साधारण साडेतीन पट रुंद. म्हणजे 4,000 मीटर खोलीवर पट्टी जवळपास 14 किलोमीटर. 10 मीटर खोलीवर फक्त 34-35 मीटर. आता बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ घ्या, 603 चौरस किलोमीटर. एवढा तुकडा 4,000 मीटर खोल असेल तर 10 नॉटने जाणारं जहाज तो सव्वादोन ते अडीच तासांत मोजून मोकळं. सकाळचा नाश्ता उरकून बसलात, तर जेवणाची घंटा होईस्तोवर काम संपलं. तोच तुकडा 10 मीटर पाण्याखाली असेल तर 6 नॉटने चालणाऱ्या एका बोटीला 1,568 तास लागतील. रोज आठ तास धरले तर 196 दिवस. त्यासाठी तिला कापावं लागणारं अंतर 17,400 किलोमीटरच्या वर. मुलताईचा उगम ते समुद्र, अख्खी तापी चोवीस वेळा!

हे झालं कागदावरचं. प्रत्यक्षात लागून असलेल्या दोन पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवाव्या लागतात. चौथा हिस्सा असा गेला की 196चे 261 दिवस होतात. बोटीने शेवटाला वळायचं, परत यायचं, मागच्या ओळीला चिकटून पुन्हा जायचं. कपाशीच्या रानात तासामागून तास काढणाऱ्या औतकऱ्याला हे काम लगेच समजेल, फरक एवढाच की इथे मागचा तास दिसत नाही. दहा मीटर बाजूला सरकलात तर मधली पट्टी कोरी राहते. त्यात जून ते सप्टेंबर पश्चिम किनाऱ्यावर छोटी बोट बाहेर काढण्यात शहाणपण नाही. आणि उरलेल्या महिन्यांत डोल जाळ्यांचे खांब नि बोयरी ठिकठिकाणी वाट अडवून असतात. जाळं कापलं तर भांडण, वळसा घातला तर भोक.

म्हणून सर्वेक्षणाचं जहाज एकटं जात नाही, पोटात बोटी घेऊन जातं. नौदलाचं नवं आयएनएस संधायक 3 फेब्रुवारी 2024 रोजी विशाखापट्टणमला ताफ्यात आलं. लांबी 110 मीटर, कोलकात्याच्या गार्डन रीचने बांधलेलं, सोबत चार सर्व्हे मोटर बोटी. चौघी एकदम कामाला लागल्या की 196 दिवसांचे 49. जहाजाने स्वतः अनोळखी उथळात शिरणं म्हणजे खाली काय आहे ते तळ फाडून शोधणं. तेव्हा खोल पाणी जहाजाचं आणि उथळ बोटींचं, अशी वाटणी. याच नावाचं आधीचं जहाज 1981 ते 2021 अशी चाळीस वर्षं राबलं आणि त्यात त्याने दोनशेहून अधिक मोठी सर्वेक्षणं केली. वर्षाला पाच. आकडा लहान वाटला तर वरचा 17,400 पुन्हा वाचावा.

रोज सकाळी बोट पाण्यात सोडणं आणि संध्याकाळी उचलून घेणं, यात खरी खलाशाची कसोटी. जहाज वेग कमी करतं आणि वाऱ्याला अशी बाजू देतं की बोटीकडचं पाणी त्याच्या आडोशाला येईल. बोट डेव्हिटवरून, म्हणजे तिला हुकांनी टांगून धरणाऱ्या जहाजाच्या लोखंडी हातांवरून, खाली येते. तिच्या नाळेपासून एक दोर पुढे जहाजाला बांधलेला असतो, म्हणजे हुक सुटले तरी ती जहाजाबरोबर ओढली जात सरळ राहते. जुन्या पद्धतीत मागचा हुक आधी सोडायचा, पुढचा नंतर. आधी पुढचा सुटला तर बोट आडवी फिरते आणि पाणी आत. उचलताना उलट, पुढचा आधी अडकवायचा. हे सगळं लाटेच्या माथ्यावर, कारण माथा सरला की बोट मीटर-दीड मीटर खाली जाते आणि लोखंडी हुक डोक्याच्या उंचीवर झुलत राहतो. सकाळी बोट अशी सुटली की कॉक्सवेन सुकाणू वळवून बोट जहाजापासून दूर काढतो, आणि मग कुठे दिवसाचं काम सुरू. गोव्यातल्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण संस्थेत सर्वेक्षणाच्या विद्येचं शिक्षण मिळतं. मला विचाराल तर त्या अभ्यासक्रमातली सगळ्यात महाग वस्तू संगणक नसून हुक पकडणारा हात आहे.

आता त्या बोटीत बसून मोजलेलं किती खरं? खाऱ्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे 1,500 मीटर जातो. 10 मीटर खोलीवर जाऊन परत यायला त्याला सुमारे 13.3 मिलिसेकंद लागतात. पण 28 अंश तापमानाला नदीच्या गोड्या पाण्यात हा वेग साधारण 1,504 आणि समुद्राच्या पाण्यात 1,541. नदीच्या तोंडाशी दोन्ही एकमेकांवर चढलेली असतात. चुकीचं पाणी गृहीत धरलं तर 20 मीटर खोलीत जवळपास अर्ध्या मीटरची चूक, आणि बंदराच्या सर्वेक्षणासाठी ठरलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तिथे मुभा आहे 29 सेंटिमीटरची. बोट एक अंश कलली आणि ते नोंदलं गेलं नाही, तर 10 मीटर पाण्यात पट्टीच्या कडेला 30 सेंटिमीटर गेले. बोट तर दिवसभर कलतच असते! म्हणून यंत्राशेजारी दुसरं यंत्र, अंशाचे शतांश मोजणारं.

वर भरती-ओहोटी. मुंबईला मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी पाच मीटरच्या आसपास चढउतार करतं, खंबातच्या आखातात त्याच्या दुप्पट. ओहोटीला 5 मीटर खोल असलेल्या जागी पट्टी 17 मीटर मिळते, भरतीला 35. भरतीची वेळ चुकली की त्याच जागेचं काम दुप्पट. तेव्हा बोटीचं वेळापत्रक घड्याळाने नाही, चंद्राने ठरतं.

पूर्वी हेच काम शिशाच्या वजनाने व्हायचं. दोरीला वावांच्या खुणा, वजनाच्या तळाशी चरबी, म्हणजे वाळू की चिखल तेही चिकटून वर यावं. अर्ध्या मिनिटाला एक फेक धरली तर आठ तासांत 960 मोजण्या. आजचं यंत्र एका झटक्यात 400 आणि सेकंदाला 20 झटके देतं असं धरलं, तर आठ तासांत 23 कोटी. एवढं शिसं फेकायला एका माणसाला साडेसहाशेहून जास्त वर्षं लागली असती. बुऱ्हाणपूर वसण्याआधी सुरुवात केली असती तरच आज तो मोकळा झाला असता. तरीही त्या फेकणाऱ्यांना कमी लेखू नये. 1830च्या दशकात मुंबईच्या आरमारातल्या रॉबर्ट मोर्सबीने मालदीवची हजाराहून जास्त बेटं असल्याच साधनांनी मोजली आणि प्रवाळावरच्या पुस्तकासाठी डार्विनने तेच नकाशे वापरले.

बारकाईने मोजलं की आकडे वाढतात, याचा ताजा पुरावा आपल्याच किनाऱ्याचा. शाळेत 7,516.6 किलोमीटर शिकलेला भारताचा किनारा आता 11,098.81 झाला आहे. जमीन वाढलेली नाही. 1:45 लाखाऐवजी 1:2.5 लाख प्रमाणाचे नकाशे घेतल्यावर खाड्यांचे कोनेकोपरे मोजणीत आले. महाराष्ट्राचे 720 पाठ असलेल्यांनी 877.97 पाठ करावेत.

तापी जिथे समुद्राला मिळते, तिथून पुढे खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, भारतात सर्वात रुंद आहे. दमणसमोर तो तीनशे किलोमीटरहून अधिक आत जातो. म्हणजे बोटीचं काम सर्वात जास्त तिथेच, आणि झालेलं काम शिळं व्हायची घाईही तिथेच, कारण वाळूचे दांडे जागा बदलतात. शिळेपणाची किंमत 1992 साली क्वीन एलिझाबेथ 2 या प्रवासी जहाजाने मोजली. मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ ते खडकांना घासलं; नकाशातली तिथली खोली 1939 साली मोजलेली होती. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते, कुठला भाग कोणत्या साली मोजला ते सांगणारी. जाणता कप्तान खोलीच्या आकड्यांआधी तीच वाचतो.