तार पोहोचली, पण कुठवर?

गावात वीज पोहोचली, असे नेमके केव्हा म्हणायचे? १९९७पर्यंत सरकारी व्याख्या अशी होती : गावाच्या महसुली हद्दीत कोणत्याही कारणासाठी वीज वापरली जात असेल, तर ते गाव विद्युतीकृत. शिवारातल्या एका विहिरीवर पंप चालला की पुरे. घरोघर कंदील असले तरी गाव यादीत चढे. २००४मध्ये व्याख्या कडक झाली, पण अट किमान दहा टक्के घरांचीच. शंभरातली नव्वद घरे अंधारात ठेवूनही गाव उजेडात मोजता येत होते.

इंटरनेटच्या बाबतीत तोच हिशेब आपण पुन्हा मांडतो आहोत.

देशातल्या सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्राने २०११मध्ये मंजूर केली. तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. योजनेचे मुख्य उद्दिष्ट होते पंचायतीपर्यंत तार नेणे. तिथून घरापर्यंतची वाट मुख्यतः सेवा देणाऱ्या कंपन्यांनी काढायची होती. पण महाग आहे ती हीच वाट. चर खणण्याचा खर्च अंतरावर ठरतो आणि मिळकत गिऱ्हाइकांच्या संख्येवर. पुण्यातल्या एका इमारतीत तार नेली की चाळीस बिऱ्हाडे हाती लागतात. कोकणातल्या गावाच्या वाड्या मात्र डोंगरउतारावर विखुरलेल्या. सातपुड्यातले पाडे त्याहून विरळ. गटग्रामपंचायत असेल तर कार्यालय एका गावात आणि बाकीची गावे लांब. कागदावर मात्र सारी जोडलेली!

‘आता प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे की!’ असे कोणी म्हणेल. २०१६नंतर डेटा स्वस्त झाला, हे खरेच. परंतु टॉवरची क्षमता त्यावरच्या सगळ्यांत वाटली जाते. मागून त्याला फायबर नसेल, तर संध्याकाळी सारे गाव फोन उघडते तेव्हा वेग मंदावतो. डोंगराआडच्या वाडीला तर रेंजच नसते. राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१७-१८मध्ये इंटरनेटची सोय असलेली घरे शहरांत ४२ टक्के होती, खेड्यांत जेमतेम १५ टक्के. दोनच वर्षांनी टाळेबंदी आली, शाळा फोनवर भरू लागली, आणि रेंजसाठी टेकडी चढणारी मुले आपण सर्वांनी पाहिली.

शिवाय तार एकदा नेली म्हणजे काम संपत नाही. सरळ रेषेत टाकलेली तार रस्त्याच्या कामात जेसीबीने एका जागी तोडली, की पुढची सगळी गावे मुकी होतात. तीच कड्यासारखी फिरवून आणली, तर माहिती उलट्या बाजूने पोहोचते. २०२३मध्ये केंद्राने सुमारे १ लाख ३९ हजार कोटींचा सुधारित आराखडा मंजूर केला. त्यात अशी कडी आहेत, देखभालीची तरतूद आहे, आणि मागणी येईल तशी पंचायतीबाहेरची गावे जोडण्याचीही सोय आहे.

हा आराखडा पुरा होईल, तेव्हा तरी मोजमाप बदलायला हवे. किती पंचायती जोडल्या, हे विचारून भागणार नाही. शेवटच्या वाडीतल्या किती घरांत जोडणी आहे? महिन्यातले किती दिवस ती चालू असते? तिचे बिल म्हणजे तिथल्या मजुराची किती दिवसांची मजुरी? उत्तरे या प्रश्नांची हवीत. नाहीतर पंपावरून गाव मोजण्याची जुनी चूक आपण नव्या तारेने गिरवू.