सांडपाण्याचा पुनर्वापर दुष्काळात कितपत टिकाऊ?

टँकर सुरू झाले की सांडपाणी शुद्ध करून वापरण्याची चर्चाही सुरू होते. कुणाला तो सगळ्या दुखण्यांवरचा उतारा वाटतो, तर कुणी नुसत्या नावानेच नाक मुरडतं. असा प्रकल्प दुष्काळी भागात वीस-तीस वर्षं टिकेल का, हे किती लिटर पाणी मिळालं एवढ्यावरून कळत नाही. पाण्यातले क्षार, लागणारी वीज, नदीच्या खालच्या अंगाच्या गावांचा वाटा आणि रोजची तपासणी असे चार हिशेब मांडावे लागतात.

गैरसमज: गटाराचं पाणी कितीही शुद्ध केलं तरी पिण्याजोगं होत नाही.

वस्तुस्थिती: नामिबियाची राजधानी विंडहुक 1968 पासून ते पीत आहे. वर्षाला जेमतेम 370 मिलिमीटर पाऊस आणि बारमाही नदी शेकडो किलोमीटर दूर, अशी त्या शहराची स्थिती. 2002 मध्ये सुरू झालेला तिथला नवा प्रकल्प रोज 2.1 कोटी लिटर पाणी शुद्ध करू शकतो. ओझोन, सक्रिय कोळसा, अतिसूक्ष्म गाळणी आणि क्लोरीन असे एकामागून एक टप्पे पार केलेलं पाणी धरणाच्या पाण्यात मिसळून नळाला सोडतात. या यशाचं मूळ मात्र यंत्रांच्याही आधी आहे. कारखान्यांचं सांडपाणी तिथे घरगुती सांडपाण्यात मिसळूच दिलं जात नाही.

गैरसमज: मैलापाण्यात खत असतं, ते थेट पिकाला दिलं तर फायदाच.

वस्तुस्थिती: नत्र आणि स्फुरद असतात, हे खरं. पण प्रक्रिया न केलेल्या पाण्याबरोबर रोगजंतू आणि जंतांची अंडीही पालेभाजीवर येतात. शिवाय नत्र गरजेपेक्षा जास्त झालं की पीक माजतं, लोळतं.

खरी दीर्घकाळची अडचण क्षारांची. नेहमीच्या प्रक्रियेत घाण निघते, विरघळलेलं मीठ तसंच राहतं. पाऊस कमी असेल तर ते धुऊन जात नाही, निचरा नसलेल्या रानात पांढरा थर धरतो आणि सोडियममुळे माती घट्ट होते. आपलं जवळपास नव्वद टक्के सांडपाणी मुख्यतः शेतीसाठी वापरणाऱ्या इस्रायलला हे भोगावं लागलं. तिथे पिकांना बाधणाऱ्या बोरॉनवर कपडे धुण्याच्या पावडरीतच मर्यादा घालावी लागली.

गैरसमज: शहराचं सांडपाणी वायाच जातं, वापरलं तेवढा नफा.

वस्तुस्थिती: पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेला आणि पुढे उजनी धरणात जातं. वाटेतले शेतकरी आणि खाली सोलापूर याच नदीवर अवलंबून आहेत. पुण्याने पाणी पुन्हा वापरून खडकवासल्यातून उचल तेवढीच घटवली, तर सगळ्यांचंच भलं. उचल कायम ठेवून ते नव्या वसाहतींना दिलं, तर खालच्यांचा प्रवाह आटतो. दोन्हींना पुनर्वापरच म्हणतात, पण टिकाऊ पहिलाच.

गैरसमज: विजेचा खर्च पाहता हे परवडणारं नाही.

वस्तुस्थिती: खर्च ठरतो तो पाणी कशाला लागणार यावर. पिण्यासाठी लागणारी शुद्धता वीजकेंद्राच्या शीतकरणाला नको असते. नागपूरच्या भांडेवाडीत महानिर्मितीसाठी रोज 13 कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प उभा राहिला. तिथलं पाणी औष्णिक वीजकेंद्राला जातं आणि धरणाच्या गोड्या पाण्यावरचा ताण तेवढा हलका होतो. समुद्राचं पाणी गोडं करायला घनमीटरमागे तीन-चार युनिट वीज जाते, सांडपाण्याला सहसा त्याहून बरीच कमी. मात्र ते चढावरून लांबवर न्यायचं असेल, तर पंपांची वीजही याच हिशेबात धरायला हवी.

गैरसमज: तलावात सोडलं की जमीन सगळी घाण गाळून घेते.

वस्तुस्थिती: माती जंतू बऱ्याच अंशी अडवते, पण नायट्रेट आणि विरघळलेले क्षार पाण्याबरोबर विहिरीपर्यंत जातात. कर्नाटकातल्या कोलारला बारमाही नदी नाही. तिथले कोरडे तलाव भरण्यासाठी बंगळुरूचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी 2018 मध्ये आलं. थोड्याच दिवसांत लक्ष्मीसागर तलावात फेस दिसला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. पुढे पुरवठा पुन्हा सुरू झाला आणि भूजलपातळी वाढल्याच्या नोंदीही झाल्या. तरीही प्रक्रियेचा आणखी वरचा टप्पा हवा, ही तिथली मागणी रास्तच आहे. पातळी चढली म्हणजे पाणी चांगलं, असं होत नाही.

गैरसमज: प्रकल्प उभारला की काम झालं.

वस्तुस्थिती: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2021 च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज सुमारे 72,000 दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं. उभारलेली क्षमता सुमारे 32,000 दशलक्ष लिटरची, तर प्रत्यक्ष प्रक्रिया होते जेमतेम 20,000 दशलक्ष लिटरवर. अपुऱ्या वाहिन्या, थकलेली वीजबिलं आणि प्रशिक्षित माणसांची वानवा यांमुळे यंत्रं पूर्ण क्षमतेने चालत नाहीत. म्हणूनच ज्या गावाच्या तलावात किंवा कालव्यात हे पाणी सोडायचं, तिथल्या ग्रामपंचायतीला क्षार, नायट्रेट आणि जंतूंचे तपासणी अहवाल दर महिन्याला मराठीत मिळायला हवेत. प्रकल्पाच्या करारातच ही अट असावी, आणि मर्यादा ओलांडली गेल्यास पुरवठा थांबवण्याचा अधिकारही गावाला असावा.