वसतिगृहाचे काम आता घराकडे

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि आठवीतून नववीत गेलेल्या मुलाच्या घरी एकच धावपळ उडते. पुस्तके, वह्या, गणवेश आणि शिकवणीचे शुल्क यांची तजवीज झाली म्हणजे आपले कर्तव्य संपले, अशी बहुसंख्य पालकांची प्रामाणिक समजूत असते. या समजुतीच्या मुळाशी बेपर्वाई नसून संकोच आहे. ज्याचे स्वतःचे शिक्षण सातवीत थांबले, तो दहावीच्या भूमितीत काय मदत करणार? प्राथमिक शाळेत रोज पाढे म्हणवून घेणारी आई मूल हायस्कुलात जाताच अभ्यासाविषयी बोलेनाशी होते. शिकविणे शाळेने व शिकवणीवर्गाने पाहावे आणि घराने खर्च सोसावा, ही वाटणी वरकरणी शहाणपणाची दिसते. परंतु माध्यमिक शिक्षणात घराने जे करावयाचे असते ते शिकविणे नव्हेच, ही गोष्ट या वाटणीत विसरली जाते.

महाराष्ट्रातील बहुजन समाजाच्या माध्यमिक शिक्षणाचा इतिहास हा जितका शाळांचा, तितकाच वसतिगृहांचाही इतिहास आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह उघडले व त्यामागून निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघत गेली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह सुरू केले. हायस्कूल शहरात होते, पण खेड्यातून आलेल्या मुलाला तेथे पाठ टेकण्यास जागा नव्हती, ही अडचण या दोघांनी नेमकी ओळखली होती. वसतिगृहाने मुलाला दोन वेळचे अन्न दिले, दिव्याखालची जागा दिली, उठण्याबसण्याची वेळ बांधून दिली, बरोबरीचे सोबती दिले आणि लक्ष ठेवणारे एक वडीलधारे माणूस दिले. यांतील एकही गोष्ट बीजगणित शिकविणारी नव्हती, तरी तिच्यावाचून बीजगणित डोक्यात शिरत नव्हते.

आज हायस्कूल गावात आले आहे किंवा एस.टी.च्या टप्प्यात आहे. मूल रात्री घरी झोपते. म्हणजेच वसतिगृह जे करीत होते ते काम आता घराकडे आले आहे. घराला मात्र त्याची जाणीव झालेली नाही.

परळच्या खोलीतील वेळापत्रक

हे काम दारिद्र्यातही करता येते, याचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात आहे. परळच्या चाळीतील एका खोलीत सारे कुटुंब राही. तेथे अभ्यासाला निवांत कोपरा मिळणे अशक्य होते. वडील सुभेदार रामजी यांनी त्यावर उपाय काढला. मुलाने लवकर झोपावे, रामजींनी पहाटे दोनपर्यंत जागावे आणि मग मुलाला उठवून त्याच्या जागी स्वतः आडवे व्हावे. घर मोठे करता येत नव्हते, म्हणून रामजींनी वेळेची वाटणी केली. १९०७ साली मॅट्रिक झालेल्या त्या विद्यार्थ्याच्या यशात या जागरणाचा वाटा किती, हे मोजता येणार नाही. पण स्वतः शिक्षक राहिलेल्या या पित्याने येथे जे दिले ते ज्ञान नव्हे, शांततेचे काही तास होते. अक्षरशत्रू पित्यालाही ते देता येतील.

नववीचा चढ

या मदतीची खरी गरज नववीत लागते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याचे संरक्षण चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे साधारणतः आठवीपर्यंतच आहे. पुढे शाळा सोडणाऱ्या मुलाला परत आणण्याचे कायदेशीर बंधन उरत नाही. त्याच वेळी अभ्यासाची चढण एकाएकी तीव्र होते. बीजगणित आणि भूमिती वेगळ्या होतात. सेमी-इंग्रजीच्या मुलाला विज्ञानाची परिभाषा परक्या भाषेत पेलावी लागते. समीकरण न सुटणाऱ्या मुलाचे दुखणे पुष्कळदा समीकरणात नसतेच. पाचवी-सहावीतील अपूर्णांक कच्चे राहिलेले असतात आणि ते आता उघडे पडतात. घरी मात्र ‘पोरगे आळशी झाले’ असा निवाडा होतो. मुलालाही तो हळूहळू खरा वाटू लागतो. प्रथम गणिताचा तास बुडतो, मग दिवस बुडतो आणि एके दिवशी शाळाच सुटते. गुण घसरू लागताच पालकाने शिक्षकांना ‘याचे मागचे काय राहिले आहे?’ एवढे विचारले आणि ते भरून काढण्यास महिनाभर सवड दिली, तरी पुष्कळ पडझड थांबेल.

दुसरे काम त्याहून सोपे आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले बरेचसे पहिल्या काही तासांत व दिवसांत विसरते आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने टिकते. पुढील संशोधनाने यात महत्त्वाची भर घातली. तोच धडा पुन्हा पुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून तो आठवून सांगण्याने स्मरण अधिक काळ राहते. भाकरी थापताना आईने ‘आज विज्ञानात काय झाले ते मला समजेल असे सांग’ म्हणावे, यात याच शास्त्राचे उपयोजन आहे. उत्तर बरोबर की चूक, हे तिला कळण्याची गरज नाही. सांगणारा कोठे अडखळतो, हे त्याला स्वतःलाच कळते आणि तेथे तो पुस्तक पुन्हा उघडतो. चार दिवसांनी तोच प्रश्न पुन्हा विचारावा. न शिकलेली आई या प्रकारे परीक्षक होऊ शकते, आणि तिचे अज्ञान येथे उपयोगीच पडते. कारण तिला समजावयाचे तर पाठ केलेली वाक्ये चालत नाहीत.

मुलींच्या बाबतीत आणखी एक हिशेब मांडला पाहिजे. शासनाने मुलींचे शिक्षणशुल्क माफ केले, पण घराने त्यांची कामे माफ केली नाहीत. पाणी, भांडी, धाकट्या भावंडांचा सांभाळ आणि ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबात कोपीवरचा स्वयंपाक, यांतून उरेल तो वेळ तिच्या अभ्यासाचा. भाऊ पुस्तक घेऊन बसतो तेव्हा ती भांडी घासत असते आणि निकालाच्या दिवशी दोघांच्या गुणांची तुलना होते. घरातील कामे दोघांत वाटणे ही मुलीच्या अभ्यासाला होणारी पहिली मदत होय. मोबाईलविषयीही नियम करावयाचा तर तो घरातील सर्वांसाठी असावा. बाप पडद्यावर बोट फिरवीत बसला असताना मुलाला केलेला उपदेश वाया जातो.

शाळेची पायरी

पालकांचा शाळेशी संबंध बहुधा दोनच प्रसंगी येतो, शुल्काच्या आणि तक्रारीच्या. प्राथमिक स्तरावर शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असा कायद्याचा दंडक आहे. माध्यमिक शाळांतून पालक-शिक्षक संघ आहेत. पण त्यांच्या सभांना येतात ते शिकलेले पालक, आणि ज्यांच्या मुलांसाठी बोलणे आवश्यक असते ते रोजंदारी बुडेल म्हणून वा इंग्रजाळलेल्या बोलण्याला बिचकून घरी राहतात. यात शाळेचाही दोष आहे. सभा रविवारी किंवा सायंकाळी घेणे आणि शेवटच्या बाकावरच्या मुलाच्या बापालाही मानाने खुर्ची देणे, यासाठी कोणत्याही अनुदानाची आवश्यकता नाही.

घराकडून इतकी अपेक्षा करणे म्हणजे शासनाला मोकळे सोडणे नव्हे. रिकाम्या शिक्षकपदांची, बंद प्रयोगशाळांची आणि स्थलांतरितांच्या मुलांच्या निवासाची जबाबदारी शासनाचीच आहे आणि ती मागत राहिले पाहिजे. परंतु ती मागणी पुरी होईपर्यंत नववीतले मूल नववीत थांबून राहणार नाही.

शेवटी प्रश्न निकालाचा. दहावीत अनुत्तीर्ण झालेल्यांसाठी त्याच वर्षी पुरवणी परीक्षेची सोय २०१५ पासून झाली आहे. मंडळ मुलाला दुसरी संधी देते. ती घराने नाकारू नये. निकालाच्या संध्याकाळी उंबरठ्यावर जे शब्द कानी पडतात, त्यांवर पुष्कळदा त्याचे पुढले शिक्षण ठरते. ‘आता कामाला लाग’ हे वाक्य सहज सुटते. ‘कोणता विषय राहिला? उद्या शाळेत जाऊन विचारू’ हे वाक्य म्हणण्यासही कोणत्याही पदवीची गरज लागत नाही.