सभा उधळणे आणि निषेध करणे



एखाद्या वक्त्याचा सभेत निषेध करणे आणि त्याची सभा बंद पाडणे ह्या दोन गोष्टी एकच की वेगळ्या, हा प्रश्न अमेरिकेतील विद्यापीठांत गेली पंधरा वर्षे धुमसत आहे. इस्रायलचा कोणी मुत्सद्दी, वकील किंवा सैनिक तेथे बोलावयास आला की बाहेर निदर्शने होतात, कधी सभागृहातच घोषणा होतात; मग विद्यापीठ शिक्षा करते, पोलीस येतात, प्रकरण कोर्टात जाते; आणि गंमत अशी की दोन्ही पक्ष भाषणस्वातंत्र्याच्याच नावाने भांडतात. पॅलेस्टाइनचा मूळ तंटा हा आजचा विषय नव्हे. त्या तंट्यात कोण खरा, हे ठरविल्यावाचून सभेचे नियम ठरविता येतात काय, एवढेच आम्हांस पाहावयाचे आहे.

आम्ही कामगार संघटनेत आयुष्य काढलेले. शाळा लवकर सुटली. कायदा शिकलो तो शब्दकोश शेजारी ठेवून निकालपत्रे वाचीत. ह्या वादाकडे आम्ही ओढले गेलो ते द्राक्षमळ्यातील मजुरांच्या एका जुन्या निकालामुळे. त्याकडे येऊच, पण आधी आयर्व्हाइनची हकीकत सांगणे भाग आहे.

दक्षिण कॅलिफोर्नियातील ऑरेंज जिल्ह्यात आयर्व्हाइन येथे कॅलिफोर्निया विद्यापीठाची एक शाखा आहे. ८ फेब्रुवारी २०१० रोजी अमेरिकेतील इस्रायलचे राजदूत मायकेल ओरेन यांचे तेथे व्याख्यान ठरले होते. गाझातील युद्ध होऊन वर्षच लोटले होते. भाषण सुरू होताच एक विद्यार्थी उठला, त्याने एक वाक्य ओरडून म्हटले, आणि तो आपण होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाला. भाषण पुढे सुरू होते न होते तोच दुसरा उठला. मग तिसरा. असे अकरा जण. मध्यंतरी राजदूत व्यासपीठ सोडून आत गेले. विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी सभेस चार शब्द सुनावले. राजदूत परत आले आणि त्यांनी भाषण पुरे केले. प्रश्नोत्तरे मात्र झाली नाहीत. अकरांपैकी आठ विद्यार्थी आयर्व्हाइनचे व तिघे रिव्हरसाइडच्या शाखेचे होते.

विद्यापीठाने मुस्लिम विद्यार्थी संघटनेस काही काळ बंदी घातली. एवढ्यावर प्रकरण मिटले असते, तर आज कोणाच्या लक्षातही राहिले नसते. परंतु जवळजवळ वर्षभराने जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने अकराही जणांवर फौजदारी खटला भरला. आरोप दोन: सभेत अडथळा आणणे, आणि त्यासाठी कट करणे. आपसांत ई-मेल पाठवून कोण कधी उठणार हे त्यांनी आधीच ठरविले होते, ते ई-मेल पुराव्यात आले. एकावरील आरोप समाजसेवेच्या अटीवर मागे घेण्यात आला. उरलेल्या दहा जणांना २३ सप्टेंबर २०११ रोजी ज्यूरीने दोषी ठरविले. शिक्षा झाली ५६ तासांच्या समाजसेवेची व वर्तणुकीवर देखरेखीची. तुरुंग नाही. पण ज्याने पुढे नोकरीचा अर्ज भरावयाचा आहे, त्याच्या नावापुढे फौजदारी गुन्ह्याची नोंद म्हणजे काय, हे संपात पकडल्या गेलेल्या कोणत्याही कामगारास विचारावे.

आता तो द्राक्षांचा निकाल. आयर्व्हाइनच्या मुलांवर जे कलम लावले ते कॅलिफोर्नियाच्या दंडसंहितेतील ४०३ वे. कायदेशीर सभेत बुद्ध्या व्यत्यय आणणे किंवा ती मोडणे हा गुन्हा, असे ते कलम सांगते. शब्द इतके सैल की हवा त्याला पकडावा. १९६५ पासून कॅलिफोर्नियात द्राक्षमळ्यांतील फिलिपिनो व मेक्सिकन मजुरांचा संप चालू होता, आणि सीझर चावेझ यांच्या संघटनेने द्राक्षांवर बहिष्कार पुकारला होता. ४ जुलै १९६८ ह्या अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी कोचेला गावच्या बागेत जॉन टनी ह्या काँग्रेस-सभासदाचे भाषण होते. श्रोत्यांत संपाचे पाठीराखे होते. त्यांनी ताल धरून टाळ्या पिटल्या, घोषणा दिल्या. पाचदहा मिनिटे हे चालले. टनीसाहेबांनी भाषण पुरे केले. पुढे त्यांपैकी चौघांवर ह्याच कलमाखाली खटले झाले, ते दोषी ठरले, आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

निकाल १९७० साली लागला आणि शिक्षा रद्द झाल्या. निकालपत्र न्यायमूर्ती मॅथ्यू टोब्रिनर यांनी लिहिले. हे गृहस्थ वकिली करीत असताना कामगार संघटनांचे खटले चालवीत असत. सभा म्हणजे काय, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नसावे, असे आम्हांस वाचताना वाटले. न्यायालयाने कलम रद्द केले नाही. त्याला कुंपण घातले. सभासभांत फरक असतो. देवळातल्या प्रवचनात जी खोकल्याची उबळही खटकते, ती निवडणुकीच्या मैदानात कोणाच्या गावीही नसते. म्हणून त्या-त्या सभेची जी रीत, लिहिलेली वा न लिहिलेली, ती जाणूनबुजून मोडली पाहिजे. आणि तेवढ्यानेही भागत नाही, त्यामुळे सभेच्या कामात भरीव खोळंबा झाला पाहिजे. घोषणा कडू होती की गोड, खरी होती की खोटी, हे न्यायाधीशाने पाहावयाचे नाही.

हीच कसोटी आयर्व्हाइनच्या ज्यूरीपुढे होती. कोचेलात भाषण पुरे झाले, आयर्व्हाइनलाही झाले. तेथे मजुरांचे पाठीराखे सुटले, येथे विद्यार्थी अडकले. फरक कशाने पडला? आमच्या मते दोन गोष्टींनी. एक, सभागृहातले विद्यापीठीय व्याख्यान आणि बागेतली राजकीय सभा ह्यांची रीत निराळी. दुसरी, एकापाठोपाठ एक अकरा जण उठावयाचे हे आधीच ठरले होते. राग अनावर झाला म्हणून कोणी ओरडले, असे नव्हते. ह्या दृष्टीने पाहता विद्यार्थ्यांचे चुकलेच. ऐकावयास आलेल्या माणसाचा ऐकण्याचा हक्क हाही हक्कच आहे, आणि वक्ता आपल्याला कितीही नकोसा असला तरी तो हक्क आपण त्या श्रोत्याकडून काढून घेऊ शकत नाही.

हे आम्ही उपदेश म्हणून सांगत नाही, भोगून सांगतो. एका कारखान्याच्या दारावर आमची गेट-मीटिंग सुरू झाली की आतून भोंगा वाजू लागे. पाळी सुटण्याची वेळ नसताना! वाजे तो आम्ही थांबेपर्यंत. कंपनीचे म्हणणे, भोंगा आमच्या हद्दीत आहे. त्या दिवसापासून आवाजाने आवाज बुडविण्याला भाषणस्वातंत्र्य म्हणण्यास आमची जीभ वळत नाही, मग भोंगा कोणाचाही असो.

पण चूक आणि फौजदारी गुन्हा ह्यांत अंतर आहे. आयर्व्हाइनच्या शंभर प्राध्यापकांनी खटला मागे घ्यावा अशी विनंती केली होती. त्यांत तेथील कायद्याच्या महाविद्यालयाचे प्रमुख अर्विन केमेरिन्स्की हे होते. त्यांची भूमिका आम्हांस सर्वांत सरळ वाटते: वक्त्याला बोलू न देण्याचा हक्क घटनेने कोणालाही दिलेला नाही, विद्यापीठाने शिक्षा केली ती रास्तच, त्यावर आणखी सरकारने गुन्हेगाराचा शिक्का मारण्याचे कारण नव्हते. शाळेत मास्तरांनी छडी मारल्यावर फौजदाराकडे पाठविण्यासारखे ते झाले.

येथे थोडे मागे जावे लागेल. विद्यापीठाच्या आवारात बोलण्याचे आजचे नियम घडले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्याच बर्कली शाखेत, १९६४ साली. दक्षिणेत काळ्या लोकांच्या मतदानाच्या हक्कासाठी राबून आलेले विद्यार्थी आवारात टेबल मांडून वर्गणी गोळा करीत. विद्यापीठाने ते बंद केले. १ ऑक्टोबरला पोलिसांनी एकास पकडून गाडीत बसविले, तर विद्यार्थ्यांनी ती गाडीच घेरली आणि ३२ तास हलू दिली नाही. गाडीच्या टपावर चढून भाषणे झाली. डिसेंबरात सुमारे ८०० जणांना अटक झाली. अखेर ८ डिसेंबरला प्राध्यापकांच्या सभेने ८२४ विरुद्ध ११५ मतांनी ठरविले की विद्यापीठाने भाषणाची वेळ, जागा आणि पद्धत ह्यांचे नियम करावेत. काय बोलावे ह्याचे करू नयेत. मध्यरात्री वसतिगृहाखाली कर्णा लावू नका, हा नियम चालतो. अमक्या देशावर टीका करू नका, हा चालत नाही. मात्र घटनेची पहिली दुरुस्ती सरकारला बांधते, म्हणून सरकारी विद्यापीठांना ती थेट लागू. कोलंबिया, हार्वर्डसारखी खासगी विद्यापीठे बरीचशी आपल्याच नियमपुस्तकाने बांधलेली असतात.

ह्या नियमाचे दुसरे अंगही आहे. गोंधळ होईल म्हणून पोलिसांनी वा संस्थेने सभाच रद्द करावी, म्हणजे गोंधळ करणाऱ्याच्या हाती नकाराधिकार आला. आपल्याकडे १८९५ साली पुण्यास काँग्रेस भरली तेव्हा सामाजिक परिषद तिच्या मंडपात होऊ नये म्हणून इतका गहजब झाला, मंडप जाळण्याची भाषाही निघाली, की न्यायमूर्ती रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलविली. मंडप वाचला, जिंकले कोण, हे सांगावयास नको. त्याच बर्कलीत २६ फेब्रुवारी २०२४ रोजी एका इस्रायली वकिलाचे व्याख्यान जमावाने दार व काच फोडल्यावर रद्द करावे लागले. आणि उलट बाजूने, एप्रिल २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका खासगी विद्यापीठाने, पदवीदान समारंभात पहिल्या आलेल्या मुस्लिम विद्यार्थिनीचे भाषण ‘सुरक्षिततेच्या’ कारणास्तव काढून टाकले. तिने तर अजून तोंडही उघडले नव्हते.

२०२४ च्या वसंतात हा वाद सभागृहांतून मैदानांत आला. कोलंबियात १७ एप्रिलला विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले, दुसऱ्याच दिवशी शंभराहून अधिक जणांना अटक झाली, आणि तंबू देशभर पसरले. लॉस एंजेलिसच्या सरकारी विद्यापीठात ३० एप्रिलच्या रात्री विरोधी जमावाने तंबूंवर हल्ला केला, तो कित्येक तास चालला आणि पोलीस उशिरा पोचले. पुढे पोलिसांनी तंबू हटविले ते दोनशेहून अधिक जणांना पकडूनच. दुसरीकडे, तंबूंमुळे आपल्याला आवाराच्या काही भागांत जाता येईना, अशी तेथील ज्यू विद्यार्थ्यांनी फिर्याद केली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये कोर्टाने ती उचलून धरून विद्यापीठास मनाई केली. हे आम्हांस योग्य वाटते. पिकेटिंग करताना आम्ही कामगाराला अडवून बोलतो, हात जोडतो, लाजवितो. पण त्याची वाट बंद केली की ते बोलणे उरत नाही.

वर उल्लेखिलेले केमेरिन्स्की एव्हाना बर्कलीत आले होते. ९ एप्रिल २०२४ रोजी त्यांनी पदवी घेणाऱ्या विद्यार्थ्यांना आपल्या घरी जेवावयास बोलाविले होते. परसात पाने मांडली असता एक विद्यार्थिनी ध्वनिक्षेपक घेऊन उठली आणि गाझाविषयी बोलू लागली. हा आमचा घटनादत्त हक्क आहे, असे तिच्या बाजूचे म्हणणे. ज्याने आयर्व्हाइनच्या मुलांचा खटला मागे घेण्यासाठी सही केली, त्याच्याच अंगणात! त्यांनी उत्तर दिले की हे माझे घर आहे, सभास्थान नव्हे. वेळ, जागा आणि पद्धत ह्या तिहींपैकी ‘जागा’ म्हणजे काय, हे समजावून देण्यास इतके चांगले उदाहरण आम्हांस दुसरे सापडलेले नाही.

आता ज्या गोष्टीने आम्ही खडबडून जागे झालो ती. कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकविणारे, उत्तरपत्रिका तपासणारे, प्रयोगशाळेत राबणारे ४८,००० जण मोटार कामगारांच्या मोठ्या युनियनचे सभासद आहेत. त्यांचा लोकल क्रमांक ४८११. अटक व शिक्षा झालेल्यांत त्यांचे सभासद होते. युनियनने म्हटले, मालकाने बोलण्याच्या अटी एकतर्फी बदलल्या, ही अनुचित कामगार प्रथा आहे; आणि २० मे २०२४ पासून एकेका शाखेत संप सुरू केला. विद्यापीठ म्हणाले, करारात संपबंदीचे कलम आहे. राज्याच्या कामगार मंडळाने संप थांबविण्यास दोनदा नकार दिला. तेव्हा विद्यापीठ ऑरेंज जिल्ह्याच्या कोर्टात गेले, आणि ७ जूनला तात्पुरता मनाईहुकूम मिळाला. ज्या जिल्ह्यात विद्यार्थ्यांची घोषणा गुन्हा ठरली, त्याच जिल्ह्यात तेरा वर्षांनी संपही थांबला. कायद्याच्या दृष्टीने ही दोन प्रकरणे निराळी आहेत, हे आम्ही जाणतो. पण तुम्हांआम्हांला बांधणारा दोर बहुधा दुसऱ्या कोणासाठी वळलेला असतो, हे संघटनेच्या कामात पदोपदी दिसते.

मार्च २०२५ पासून प्रकरणाने आणखी वळण घेतले. निदर्शनांत भाग घेतलेल्या परदेशी विद्यार्थ्यांना पकडून देशाबाहेर घालविण्याचा उद्योग सरकारने सुरू केला. त्याविरुद्ध अमेरिकन प्राध्यापकांची संघटना बॉस्टनच्या कोर्टात गेली, आणि ३० सप्टेंबर २०२५ रोजी न्यायाधीश विल्यम यंग यांनी निकाल दिला की कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी माणसालाही नागरिकाइतकेच भाषणस्वातंत्र्य आहे आणि सरकारने त्याचा भंग केला.

हा विषय आम्ही एका गावी मांडला तेव्हा मागल्या रांगेतून एक बाई उठल्या. म्हणाल्या, दादा, माझा नातू तिकडे शिकतो. त्याने फलक धरावा की नाही? आम्ही त्यांना सांगितले की आजी, हक्क त्याला आहे, असे एका न्यायाधीशाने लिहून ठेवले आहे. पण हक्क सिद्ध होईपर्यंत कोठडीत बसावे लागते ते माणसाला, निकालपत्राला नाही. त्याने विद्यापीठाचे नियमपुस्तक वाचावे, वकिलाचा फोन नंबर पाठ करावा, कोणाची वाट अडवू नये, कोणाचे भाषण बुडवू नये. आणि मग धरावयाचा की नाही ते त्याचे त्याने ठरवावे. त्या म्हणाल्या, लिहून द्या, मी फोनवर वाचून दाखवीन. आम्ही लिहून दिले.