व्यसनमुक्तीचे शास्त्र आणि आपली मुले

आपल्या समाजातील मुलगा वकील झाला, मुलगी डॉक्टर झाली की विहारात सत्कार होतो, आणि तो व्हायलाच हवा. परंतु व्यसन हा पदव्युत्तर शिक्षणाचा विषय आहे, हे शिरूर-दौंड भागातील फार थोड्या पालकांना ठाऊक असेल. “दारू सोडायला कसले आले आहे शिक्षण? निर्धार पाहिजे,” असे आम्हीही अनेक वर्षे सभांतून सांगत होतो. आमचा हा समज एका प्रसंगाने मोडला.

शिरूरच्या आमच्या वस्तीतील एका गृहस्थांनी धम्मचक्र प्रवर्तनदिनी सर्वांसमक्ष दारू सोडली. वीस वर्षांची रोजची सवय होती. आम्ही टाळ्या वाजविल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे हात थरथरू लागले. तिसऱ्या रात्री ते अंगावर नसलेले किडे झटकू लागले, बायकोला ओळखेनात. शेजारच्या मावशी म्हणाल्या, “दादा, ह्यांना बाहेरचं लागलंय.” कोणी म्हणाले, नाटक आहे, एक घोट पाजा. पुतण्याने वेळीच गाडी काढून पुण्याला रुग्णालयात नेले म्हणून ते वाचले. बाबासाहेबांनी 1956 साली नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, पंचशीलातील पाचवे शीलही तेच सांगते. त्या माणसाची प्रतिज्ञा खोटी नव्हती. अज्ञान आमचे होते.

दारू मेंदूला मंद करते. रोज दारू मिळत राहिली की मेंदू स्वतःला जास्त उत्तेजित ठेवून तोल सांभाळतो. दारू एकदम थांबली की ती उत्तेजना मोकळी सुटते. पहिल्या दिवसात कंप व घाम, पहिल्या दोन दिवसांत कधी आकडी आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भ्रम होतो. उपचार न मिळाल्यास यात माणूस दगावू शकतो. डॉक्टर मेंदू शांत करणारी औषधे मोजून देतात व हळूहळू कमी करतात; ब1 जीवनसत्त्व टोचतात. म्हणून बरीच वर्षे रोज पिणाऱ्याने दारू सोडावी, अवश्य सोडावी, पण डॉक्टरांना दाखवून.

भिंतींवर आणि एस.टी. स्टँडवर “नकळत दारू सोडवा” अशा जाहिराती असतात, त्यांविषयीही सांगितले पाहिजे. डायसल्फिराम नावाचे औषध घेतलेल्याने दारू प्यायल्यास छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनेच द्यायचे असते. कोणती पूड भाजीत कालवली जाते हे ज्या माउलीला माहीत नाही, तिला दोष कसा द्यावा? तिला विचारायला जवळपास जाणकार माणूसच नाही.

हे दुःख केवळ आपल्या तालुक्याचे नाही. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेली पाहणी 2019 साली प्रसिद्ध झाली. दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचे तीत आढळले.

नगर रस्त्याने पुण्याला जाताना येरवडा लागते. तेथील मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या डॉ. अनिता अवचट आणि लेखक अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 रोजी मुक्तांगण सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे त्यास साहाय्य होते. 1997 साली अनिताताई गेल्या, 2022 साली अनिल अवचटही गेले, पण काम चालू आहे. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्या रुग्णांना आधार देतात, हे आम्हाला फार मोलाचे वाटते. मात्र अनुभवाच्या जोडीला शास्त्रही लागते. कोणाला आधी औषध हवे, कोणाच्या दारूमागे उदासीनतेचा आजार आहे, उपचारानंतर पुन्हा घसरलेल्याशी कसे बोलावे, हे शिकावे लागते.

या शिक्षणाच्या वाटा दोन. एम.बी.बी.एस. नंतर मानसोपचारात तीन वर्षांची एम.डी. करता येते. त्यापुढे बंगळूरची निम्हान्स व दिल्लीची एम्स येथे खास व्यसनोपचारातील डी.एम. आहे. ही वाट लांबची आणि जागा मोजक्या. दुसरी वाट आपल्या मुलांना अधिक जवळची आहे. कोणत्याही शाखेची पदवी घेऊन समाजकार्याची एम.एस.डब्ल्यू. ही दोन वर्षांची पदवी घ्यावी. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेत तिची, तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणाची सोय आहे. मानसशास्त्रात एम.ए. करणारेही समुपदेशनाकडे येतात. एक इशारा देऊन ठेवतो. पंधरा दिवसांत समुपदेशक करून देणाऱ्या प्रमाणपत्रांवर पैसे घालवू नका.

खर्चाची धास्ती वाटणाऱ्यांनी अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची भारत सरकार शिष्यवृत्ती आणि वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी असलेली डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करावी. जातीचा दाखला व उत्पन्नाचा दाखला आधीच काढून ठेवावा. अर्ज बहुधा तेथेच अडतात. घरात आजच कोणी अडचणीत असेल तर 14446 हा केंद्र सरकारचा मोफत दूरध्वनी आहे.

ते गृहस्थ पुढे एकदा घसरले, पुन्हा उपचारास गेले. त्यांची मुलगी यंदा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. एम.एस.डब्ल्यू.चा प्रवेश अर्ज कधी निघतो, हे तिने आम्हाला दोनदा विचारले आहे.